पायाची बोटं

पेशंटने तोंड उघडलं की मृदुलाचंही तोंड आपोआप उघडायचं. घरी आठ महिन्यांच्या लेकीला भरवताना लागलेली सवय.

"मास्क आहे म्हणून झाकलं जातंय," दातांच्या डॉक्टर मॅडम म्हणायच्या. "नजर दातावर ठेव. लाळ ओढायची नळी जागची हलता कामा नये."

शिकाऊपणाचा महिना आज संपत होता. तिला ठेवायचं की नाही, ते मॅडम संध्याकाळी सांगणार होत्या.

खुर्चीत एक निवृत्त हवालदार होते. "दुखलं तर डावा हात वर करा, काका," मॅडमनी सांगितलं.

"अहो, दंगलीत दगड खाल्लेत आम्ही!" म्हणत त्यांनी दोन्ही हात पोटावर घट्ट बांधले.

ड्रिल सुरू झालं. हात हलले नाहीत, पण मोज्यांतली बोटं आत वळली. लेक रडण्याआधी तिच्याही पायांची बोटं अशीच वळायची. मृदुला तिकडे बघत राहिली, नळी सरकली आणि काकांना ठसका लागला.

"नजर कुठे आहे तुझी?" मॅडम कडाडल्या.

"पायांकडे. मॅडम, काकांना दुखतंय."

"छे, छे!" काका म्हणाले, पण डोळे भरले होते. मॅडमनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

जाताना बूट चढवत काका म्हणाले, "हिला आमच्या खात्यात धाडा. हिच्यापुढे चोराचं काही चालायचं नाही."

"नाही मिळायची," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून ती इथे कायम आहे."

मास्कच्या आत मृदुलाचं तोंड उघडंच राहिलं.