इसोनोआजींचा पिवळा रुमाल

आमच्या वसाहतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी गॅलरीत पिवळा रुमाल लावायचा असतो. लावला म्हणजे माणूस धड आहे. नाही लावला तर रोज सकाळी खालून रुमाल पाहत फिरणाऱ्या, वसाहतीच्या समितीतल्या कुसाकाबेबाई वर येतात आणि वेळ पडली तर दार फोडायला लावतात.

मला असली पाळत नको होती. मिळाला त्याच दिवशी मी तो रुमाल आलुबुखाराच्या लोणच्याच्या बरणीखाली कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून कुसाकाबेबाई ओरडल्या, "इसोनोआजी, सगळ्यांच्या आधी तुमचाच रुमाल!"

जाऊन पाहिलं, तर दोरीवर रुमाल. इस्त्री केलेला, दोन चिमटे लावलेले. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दाराला आतून साखळी.

"आजी, तब्येत बरी ना?"

"अजून मेले नाहीये! निघा इथून!"

त्या हसत पुढे गेल्या.

मग हे रोजचंच झालं. मी रुमाल लपवायचे, सकाळी तो बाहेर असायचा. काल मात्र मी कात्रीने त्याच्या चिंध्या केल्या आणि स्वतः जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकल्या.

आज सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. कंबर हलेना. गार फरशीवर पडून मी पहिल्यांदाच त्या बाईची वाट पाहत होते. रुमाल दिसला नाही की ती येणारच.

गॅलरीचं दार सरकलं. एक चिमटा वाजला, मग दुसरा. खालून कुसाकाबेबाईंची हाक आली,

"आजी, तब्येत बरी ना?"

होता नव्हता तेवढा जीव मी घशात आणला. पण त्याआधीच गॅलरीतून माझाच आवाज खेकसला, "अजून मेले नाहीये! निघा इथून!"