आतल्या खोलीतलं नेट

सून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. तिला यायला तासभर तरी लागणार होता आणि तेवढ्यात काम उरकायला हवं होतं. नेटवाला आतल्या खोलीत खोक्यातून यंत्र बाहेर काढत होता आणि सासरे त्याच्या मागे उभे राहून घड्याळ बघत होते.

"हे नक्की करतं काय?"

"एक्स्टेंडर आहे, काका. बाहेरच्या राउटरचं नेट पकडायचं आणि पुढे ढकलायचं. घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं."

"पोचलंच पाहिजे," सासरे म्हणाले.

मुलगा जहाजावर नोकरीला. यंदा निघाला त्याला सात महिने झाले होते. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. घरात उरले दोघंच, सासरे आणि सून. सून एका कंपनीसाठी घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. आतल्या खोलीत तिचं टेबल होतं, खुर्ची होती, चांगली मोठी खिडकी होती. तरी रोज सकाळी ती लॅपटॉप उचलून हॉलमध्ये जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसायची. "आत नेट येत नाही हो, बाबा."

सासरे निवृत्त ग्रंथपाल. पस्तीस वर्षं लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतलेला माणूस. तिच्या कामात आपली लुडबुड नको म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. मॅच ते मुक्यानेच बघायचे आणि कुणी आउट झालं की मनातल्या मनात ओरडायचे. खोकला आला की गॅलरीत जायचे. पेपरचं पान उलटतानासुद्धा कागद वाजू द्यायचे नाहीत. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे एक "चहा?" आणि एक "हो".

गेल्या आठवड्यात सून फोनवर आईशी बोलत होती. "महिनाभर तिकडेच येऊन राहू का गं?" एवढंच त्यांच्या कानावर पडलं. बरोबरच होतं म्हणा. स्वतःची खोली सोडून पोरीने रोज म्हाताऱ्याच्या तोंडासमोर बसायचं, तेही नेटपायी! कुणीही वैतागेल. पण ती गेली तर या घरात "चहा?" विचारायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं. त्या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि हे यंत्र घेऊन आले.

नेटवाल्याने यंत्र अजून लावलंच नव्हतं. मोबाइलकडे बघत तो खोलीभर फिरला. खिडकीपाशी गेला, टेबलापाशी गेला, कपाटाच्या आडोशालाही उभा राहून आला.

"काका, इथे नेट येत नाही असं कोण म्हणालं?"

"सूनबाई."

"अहो, इथे हॉलइतकंच धावतंय. हे बघा. उगाच कशाला लावता? दुकानात परत देऊन टाका."

सासऱ्यांकडे बटणांचा साधा फोन. मोबाइलवर तो काय दाखवतोय, त्यातलं त्यांना ओ की ठो कळेना. पण एक गोष्ट मात्र आठवली. दर रविवारी सून याच खोलीतून नवऱ्याशी बोलते, त्याचा चेहरा बघत. तासभर. ते बोलणं मधेच तुटलंय असं कधी झालं नव्हतं. हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

आधी त्यांना रागच आला. म्हातारा एकटा पडलाय, बसावं बापडं त्याच्यासमोर, असली दया त्यांना नको होती.

मग त्यांनी खोली बघितली. एरवी ते इथे येत नसत. पलंगाची एक बाजू चुरगळलेली होती आणि दुसऱ्या बाजूच्या उशीच्या अभ्र्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. भर उन्हाळ्यात खुर्चीच्या पाठीवर मुलाचं जॅकेट घातलेलं होतं, खांदे नीट बसवून. टेबलावरच्या छोट्या रेडिओवर कुणीतरी बारीक आवाजात बातम्या सांगत होतं. सून बाहेर जातानाही तो बंद करून गेली नव्हती.

सासरे पलंगाच्या कडेला टेकले. दया कसली? पोरीला इथल्या शांततेत एकटीला बसवत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. डॉक्टर आज आलेच नव्हते. सून आतल्या खोलीच्या दारात येऊन थांबली. नेटवाल्याकडे, त्याच्या हातातल्या मोबाइलकडे आणि एक्स्टेंडरच्या खोक्याकडे तिने बघितलं. तिचा चेहरा पडला.

"वहिनी," नेटवाल्याने सुरुवात केली, "तुमच्या इथे तर—"

"येणार नाही म्हणतात!" सासरे ओरडले. इतक्या मोठ्याने, की ते स्वतःच दचकले. "या खोलीत नेट येणं शक्यच नाही. काही केलं तरी नाही. हो की नाही हो?"

नेटवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पंधरा वर्षांच्या धंद्यात इतकं धडधडीत खोटं त्याला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

"हो," तो पुटपुटला. "अवघड खोली आहे." खोकं टेबलावर ठेवून तो निघून गेला.

सून तिथेच उभी होती. यांना सगळं कळलंय, हे तिला कळलं.

"मी खूप प्रयत्न केला, बाबा," ती म्हणाली. "नाही जमत मला इथे."

सासऱ्यांनी मान हलवली. विचारायचं नव्हतं, तरी विचारलंच. "मग, आईकडे जाणार आहेस?"

तिने डोळे पुसले.

"तुम्ही आत्तासारखे रोज ओरडणार असाल, तर नाही."