थोरलीच्या हातचे ठिपके

“भिंतीवर नको. खाली ठेवा.” मर्टलआजींचं म्हणणं त्यांच्या नातीने, शॉनाने, इंग्रजीत सांगितलं.

डॅलसच्या या म्युझियममध्ये सुलेखा जुनी चित्रं दुरुस्त करायची. हे चित्र इथे चाळीस वर्षं होतं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं, लाल-पिवळ्या ठिपक्यांचं, आणि शेजारी पाटी, ‘चित्रकार अज्ञात’. सुलेखाने त्याचा फोटो तिकडच्या एकेका कलाकेंद्राला पाठवला. आठव्याने कळवलं, चित्र आमच्या मर्टलचं दिसतंय, ती आहे, अजून रोज रंगवते. आज ऐंशीच्या घरातल्या त्या मर्टलआजी तीन विमानं बदलून समोर उभ्या होत्या.

“सुलेखा, यार, फ्लोअरवर कसं ठेवणार?” केदार मराठीत पुटपुटला. म्युझियममधली प्रत्येक वस्तू त्याच्या ताब्यात असे. “कुणाचा पाय पडला, तर दोघांचीही नोकरी जाईल.”

“अरे, त्यांनी ते जमिनीवर बसूनच काढलंय. टांगलंय आपण.”

केदार आत गेला आणि पांढऱ्या फोमची मोठी शीट घेऊन आला. दोघांनी चित्र उतरवून अलगद तिच्यावर ठेवलं.

मर्टलआजी शॉनाचा खांदा धरून खाली बसल्या. रंगाला न टेकवता त्यांचं बोट ठिपक्यांवरून फिरू लागलं. मधल्या मोठ्या गोलापाशी थांबून त्या म्हणाल्या, “आमचं पाणी.” बोट पुढे सरकलं आणि एका जागी एकदम थबकलं. तिथून पुढचे ठिपके बारीक होते, दाट, एकमेकांना खेटून बसलेले.

आजींनी तोंडावर हात ठेवला.

“इथवर मी,” त्या म्हणाल्या. “इथून ती.”

“आजीची थोरली बहीण,” शॉना हळूच म्हणाली. “हे काढलं त्याच वर्षी गेली. तिच्या हातचं दुसरं काहीच राहिलं नाही. हेसुद्धा गेलं असंच आजी समजत होती.”

केदारने वही उघडली. “मग दोघींची नावं घालू. बहिणीचं नाव काय?”

शॉनाने मान हलवली. “आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत.”

आजींना प्रश्न कळला होता. “माझं लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि लिहा, थोरल्या बहिणीबरोबर.”

मग त्यांनी सुलेखाला खाली ओढलं. तिचा पांढरा हातमोजा स्वतःच काढला आणि तिचा तळवा आपल्या ओल्या गालाला लावला.

“तुम्ही हिला पाऊस लागू दिला नाहीत, वाळवी लागू दिली नाहीत,” आजींचे शब्द सांगता सांगता शॉनाचाच आवाज चिरकला. “एवढी वर्षं माझ्या बहिणीला सांभाळलंत.”

हे कौतुक घ्यायची सुलेखाला लाज वाटली. “मी तर इथे सहाच वर्षं आहे, आजी.”

शॉनाने ते आजींना सांगितलं. आजी खुदकन हसल्या.

“मग तुझ्या आधीच्या सगळ्यांनाही सांग.”

सुलेखा उठायला गेली, तर आजींनी तिचा हात सोडलाच नाही. जमिनीवर थोपटून त्यांनी आधी तिला आणि मग केदारला जागा दाखवली. सुलेखाने बूट काढून मांडी घातली. केदारनेही वही मिटली.

चित्राच्या ज्या कोपऱ्यातून ठिपक्यांची वाट मधल्या गोलाकडे जात होती, तिथे आजींनी बोट धरलं.

“चला,” त्या म्हणाल्या. “ऊन चढायच्या आत पाण्यापाशी पोचायचंय.”