मेजरची वैरण

मेजर मुतायला बसला आणि किंचाळला.

किंकाळी अशी, की पलीकडच्या कुरणात चरणाऱ्या दीडशे गाईंनी एकदम माना वळवल्या. व्हर्ना चहाचा कप हातात तसाच धरून पिंजऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पांढरा डाग होता, खडू कालवल्यासारखा. त्याच्या कडेला तांबूस छटा. आणि उद्या दुपारी टिली परत येणार होती.

टिली ही व्हर्नाची नऊ वर्षांची नात आणि मेजर हा टिलीचा गिनीपिग. टिली आईबापांबरोबर सुट्टीला गेली, की मेजर तिच्या दुसऱ्या आजीकडे राहायचा. दुसरी आजी म्हणजे असुन्ता, व्हर्नाची इटालियन विहीण; टिली तिला नॉन्ना म्हणे. गेली तीन वर्षं हेच. टिली एकदा सहज म्हणाली होती, "नॅन, तू छान आहेस गं. पण मेजरचं नॉन्नालाच कळतं." ते वाक्य व्हर्नाने पोटात घातलं, पण काही केल्या ते पचेना. चाळीस वर्षं जिने ऑस्ट्रेलियातल्या अर्ध्या गिप्सलँड प्रांताला दूध पाजलं, तिला मूठभर जनावर कळत नाही? आणि कळतं कुणाला, तर गावात शेवया लाटून विकणाऱ्या बाईला!

यंदा तिने मुलाशी भांडून मेजरला आपल्याकडे आणला. त्याच्याबरोबर असुन्ताने लिहिलेला दोन पानी कागदही आला. ओट नावाच्या धान्याचं नाहीतर साधं वाळलेलं गवत घालावं, दिवसभर, त्याच्या अंगाएवढा ढीग. आधी हुंगून बघावं, कुबट वास आला तर फेकावं. प्रत्येक कुसळ हाताने वेचावं, ते डोळ्यात जातं, घशात रुततं. गवत जाळीत टांगू नये, पाय अडकतो. आणि लसूणघास घालायचा नाही. या शेवटच्या ओळीखाली तीन लाल रेघा होत्या.

"लसूणघास नको म्हणे!" व्हर्ना नवऱ्याला म्हणाली. "ऐकलंत का लेस? पोपच्या जेवणातसुद्धा कुणी इतकी कुसळं वेचत नसेल."

"अगं, तीन रेघा मारल्यात तिने."

"मग मारू दे! शेवया लाटणारीने मला वैरण शिकवायची?"

त्या मुलखात व्यायलेल्या गाईचे लाड करायचे म्हणजे तिच्यापुढे लसूणघास टाकायचा. हिरवा, पानांनी भरलेला, पहिल्या कापणीचा. व्हर्नाने तोच गठ्ठा फोडला. मेजरने एक काडी हुंगली आणि मग चौदा दिवस तोंड वर केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तर तो इतका फुगला, की दारातून बाहेर यायचं तर आधी श्वास सोडावा लागे. लसूणघासात गळ्यापर्यंत बुडालेल्या मेजरचा फोटो व्हर्नाने टिलीला पाठवला. टिलीने लगेच लिहिलं, "नॉन्नालाही पाठव!" व्हर्नाने तो तिलाही पाठवला, आणि अधिकच आनंदाने.

मिनिटाभरात असुन्ताचा फोन आला. मग पुन्हा वाजला. असा अकरा वेळा. व्हर्ना खुर्चीत टेकून, पाय ताणून तो वाजताना ऐकत राहिली. जळू दे. जरा तिचंही जळू दे.

त्याला तीनच दिवस झाले होते आणि आता हा पांढरा डाग.

व्हर्नाने मेजरला ॲप्रनमध्ये गुंडाळलं, गाडी काढली आणि ज्या दारात जन्मात हात जोडायचे नव्हते, नेमक्या त्याच दारात जाऊन उभी राहिली. असुन्ताने मेजरला उचललं, त्याचं पोट बोटांनी चाचपलं आणि पीठभरल्या हातांनीच गाडीची किल्ली घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं व्हर्नाला वाटलं.

जनावरांच्या डॉक्टरने मूत्राशयाचा फोटो काढला. वाळू साचली होती, खडा अजून धरला नव्हता. "वेळेवर आणलात," तो म्हणाला. "लसूणघास गाईंना घाला, बाई. मोठ्या गिनीपिगला तो झेपत नाही. त्यातला चुना लघवीत उतरतो." त्याने दुखण्यावरचं औषध दिलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं आणि ओटाचं गवत सोडून दुसरी वैरण बंद केली.

संध्याकाळी असुन्ताच्या स्वयंपाकघरात मेजर ओटाची काडी कुरतडत बसला. असुन्ता एकेक काडी खिडकीच्या उजेडात धरून कुसळं वेचत होती. तिची बोटं इतकी सराईत, की बघणाऱ्याला पुन्हा हेवा वाटावा. व्हर्नाला वाटलाच. वर उद्याची धास्ती. टिलीला हे कळलं की मेजर तर सोडाच, पोरगीसुद्धा परत या नॅनच्या वाऱ्याला उभी राहणार नाही.

शेवटी तीच म्हणाली, "सांगून टाका टिलीला. म्हणावं, तुझ्या नॅनला गाईंपलीकडे अक्कल नाही. तुम्हाला काय, सगळंच कळतं."

असुन्ता उठली. घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी तिने दार लावून घेतलं.

"मला कसं कळतं, ते कधी विचारलंत?"

"वाचलं असेल कुठे पुस्तकात."

असुन्ताने हातातली कुसळं टेबलावर ठेवली आणि खुर्ची व्हर्नाच्या अगदी जवळ ओढली.

"विहीणबाई," ती कुजबुजली, "टिलीला ठाऊक नाही, पण हा तिसरा मेजर आहे."