आईकडचा आळस

साठ सालच्या उन्हाळ्यात, पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या शेतातली केशरी बुरशी न्यायला पुण्याचे एक प्राध्यापक माले गावी आले. चंद्राबाईंच्या ओसरीवर चहा पिता पिता ते म्हणाले, "हिचा एक प्रकार फार मंद वाढतो. तो मंदपणा फक्त आईकडून येतो, बापाकडून कधीच नाही."

चंद्राबाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उन्हं अंगणात आली तरी नातू अंथरुणात लोळत होता. चुलीपुढच्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं, "म्हंजी आळस आईकडनंच येतो म्हणा की."

"बुरशीत तरी तसंच आहे."

सून रत्ना बाहेर आली. रिकामी कपबशी उचलत शांतपणे म्हणाली,



"खरं हाय, आत्याबाई. तुमचे लेक बी अजून उठले न्हाईत."