उघडी खिडकी

निफाडला पारा चारावर आला होता. रमाकांतने हीटर लावला, तोच हेमलताने तो बंद करून खिडकी सताड उघडली. दरवर्षी दिवाळीपासूनच दोन-दोन स्वेटर घालणारी ही बायको! तो वैतागला. "तुला झालंय तरी काय?"

"मलाच कळत नाही हो," म्हणत ती रडायला लागली. "एकाएकी अंगाची आग होते. पाळी जाताना होतं असं, डॉक्टर म्हणाल्या. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना."

रमाकांतने कानटोपी चढवली. मग रजई गुंडाळून तो खिडकीपाशी तिच्याशेजारी येऊन बसला.

"कुडकुडताय नुसते. पलीकडच्या खोलीत हीटर लावून बसा ना."

"नको," तो कसाबसा म्हणाला. "तुला थंडी वाजली की सांग. खिडकी लावतो."