कप्तानाचा पडका दात

आइस हॉकी संघाच्या वार्षिक फोटोसाठी खेळाडू बर्फावर ओळीनं बसले, तेव्हा कप्तान डार्सीनं पुढचा खोटा दात काढून हातमोज्यात टाकला आणि फोटोग्राफर मार्लीनला म्हणाला, “मार्लीन, खिंडार झकास दिसू दे हं! हॉकीवाल्याची खरी निशाणी आहे ती!” पोरं खिदळली. त्याचा खरा दात सासूकडे मेपलची टॉफी चावताना निखळलेला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. रबरी चकती अंगावर आली की हा शूरवीर मान फिरवतो, हे फक्त मार्लीनच्या कॅमेऱ्याला. बावीस वर्षं ती मैदानाभोवतीच्या संरक्षक काचेत फोटोसाठी ठेवलेल्या भोकाला लेन्स लावून सामने टिपत होती. तिनं तोंडात बोटं घालून तीन दातांची कवळी काढली. “काचेच्या भोकातून चकती थोबाडावर आली. मी गोल टिपला, मगच दवाखान्यात गेले.” कवळी बसवून तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. “चल बाळा, दात घाल आणि तोंड मिट.”